किनाऱ्यावरची न्याहारी
(योहान 21:1-19)



मे महिना म्हणजे सुट्टीचा महिना. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे दोन दिवस समुद्रकिनारी तंबू ठोकून राहायला जातात. मुले पाण्यात डुंबतात, बाप गळ टाकून बसतो, आई एरवीपेक्षा थोडी उशिरा उठते. काहींना वाटते, सुट्टीत देवाचे काय काम? आजचे शुभवर्तमान मात्र समुद्रकिनाऱ्यावरच घडते. त्यात मासेमारी आहे, पोहणे आहे आणि विस्तवावर भाजलेली न्याहारीही आहे.

गालीलचा समुद्र हे खरे तर गोड्या पाण्याचे सरोवर. लांबी सुमारे 21 किलोमीटर. 1986 साली दुष्काळात त्याचे पाणी आटले, तेव्हा चिखलात येशूच्या काळातील एक लाकडी होडी सापडली. तिची लांबी जेमतेम 8 मीटर! अशाच एखाद्या होडीत सात शिष्य रात्रभर राबले आणि हाती काहीच लागले नाही. पहाटे किनाऱ्यावर प्रभू उभा होता. त्याच्या शब्दावर त्यांनी जाळे टाकले आणि 153 मोठे मासे मिळाले. प्रभूला ओळखताच पेत्राने पाण्यात उडी घेतली. किनारा सुमारे 200 हात दूर होता. पण त्याला होडी लागेपर्यंत थांबवेना.

काठावर कोळशाचा विस्तव पेटलेला होता. योहानाच्या शुभवर्तमानात असा विस्तव दोनदाच येतो. पहिला प्रमुख याजकाच्या अंगणातला. तेथे शेकत असताना पेत्राने प्रभूला नाकारले. दुसरा हा. येथे प्रभूने त्याचा हिशेब मागितला नाही. आधी त्याला जेवू घातले, मग तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवली.

आता थोडे माझ्याविषयी. गेल्या वर्षी मे महिन्यात धाकट्या भावाने आग्रह केला म्हणून मी त्याच्या कुटुंबाबरोबर केळव्याला गेलो. सुरूच्या बनात तंबू उभे होते. पाहतो तर आमचा थोरला भाऊही आलेला! वाडीच्या वाटणीवरून आमचे बिनसले होते. बांधाच्या दोन हात जागेसाठी मी त्याला नको ते बोललो होतो, आणि पुढे चार वर्षे त्याच्या घराची पायरी चढलो नव्हतो. दर रविवारी वेदीवरून क्षमेचा उपदेश करणारा मी, संध्याकाळभर त्याच्याकडे पाठ करून बसलो. पुतण्यांबरोबर गळ टाकला. रात्री उशिरापर्यंत बसून हाती आला एक शिंगाळा, तोही बोटभर!

पहाटे धुराच्या वासाने जाग आली. दादा कधीच उठला होता. कोळीवाड्यात जाऊन ताजी बोय घेऊन आला होता. नारळाच्या करवंट्यांवर मासे भाजत होता. कडेला आमचा तो शिंगाळाही ठेवला होता. मला पाहून एवढेच म्हणाला, ''ये, गरम आहे तोवर खा.'' मी खाली बसलो. घास गिळेना. ''दादा, माझे चुकले,'' एवढे म्हणायला मला चार वर्षे लागली. तो म्हणाला, ''काटा बघून खा.'' आमच्यात एवढेच बोलणे झाले. सुट्टी संपल्यावर मी आधी पापनिवेदनाला गेलो आणि मग त्याच्या घरी.

प्रिय बंधु-भगिनींनो, विश्रांती ही देवाची देणगी आहे. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. माशांना अंडी घालायला, वाढायला तेवढी उसंत लागते. मग माणसांच्या नात्यांना नको का? पण नुसत्या मोकळ्या वेळाने नाती जुळत नाहीत. कोणीतरी आधी उठून विस्तव पेटवावा लागतो आणि दुसऱ्याने मान खाली घालून त्याच्याजवळ जाऊन बसावे लागते.

यंदा सहलीला जाल तेव्हा मोबाइल थोडा वेळ पिशवीत ठेवा. भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिक कोळी बांधवांना विचारा, मुलांना एकटे पाण्यात सोडू नका. रविवारचा मिस्सा चुकवू नका. जवळचे चर्च आधीच पाहून ठेवा. आणि तंबूत एक जागा जास्त ठेवा. ज्याच्याशी आपण बोलत नाही, त्याला बोलवा. तो आला नाही, तर परतल्यावर त्याच्या दारी जा.

प्रभू आजही वेदीवर आपल्यासाठी न्याहारी मांडून वाट पाहत आहे. पेत्राला त्याचे अपयश अडवू शकले नाही. आपल्यालाही ते अडवू नये.

प्रार्थना करू या : हे पुनरुत्थित प्रभो, आमच्या रिकाम्या जाळ्यांकडे पाहा. दुरावलेल्या भावंडांना एका विस्तवाभोवती आण आणि पहिले पाऊल उचलण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.

– आपला धर्मगुरू