सोसणारी आणि बोलणारी

"पह्यलेच्या कादंबरीतली बाई सोसे, म्हून वाचताना डोये भरून येत. आताची तं नुसती बोलते." बार्शीटाकळीच्या एका निवृत्त सरांनी चहा पिता पिता हे सहज ऐकवलं. त्यांचा चहा संपला. माझी चिडचिड काही संपली नाही.

सरांची आवडती नायिका म्हणजे हरिभाऊ आपट्यांची यमुना. तिची कादंबरी 'पण लक्षात कोण घेतो?' 1890पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. बालविवाह, वैधव्य, केशवपन हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. पण ती कादंबरी यमुना स्वतः सांगते, ही साधी गोष्ट सर विसरतात. सासरचा जाच, नवऱ्याने वाचायला शिकवलं त्याचं सुख, नवरा गेल्यावरचे हाल, सगळं 'मी' म्हणून. म्हणजे सोसणारीच इथे बोलते आहे! त्यामुळे परंपरागत बाई आणि स्वतंत्र बाई ही वाटणी मला कधीच पटली नाही. (आमच्या बार्शीटाकळीच्या कालिकामातेची ओटी भरताना कोणी विचारतं का, ही यातली कोणती?) माझी वाटणी वेगळी: एक, जिच्याबद्दल बोललं जातं; दुसरी, जी स्वतः बोलते. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या जुन्या कादंबऱ्यांच्या नायिका पहिल्या रांगेत, यमुना दुसऱ्या.

इथवर सरांना गप्प केल्याचं समाधान होतं. पण यमुनेचा 'मी' लिहिला पुरुषाने. हरिभाऊंनी तो जीव ओतून लिहिला, यात वाद नाही. बाईने बाईचं लिहिलं की काय होतं? 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघड मांडलं होतं. केवढा गदारोळ झाला! तो लिहिणाऱ्या बाळूताई खरे विभावरी शिरूरकर या नावाआड राहिल्या, ते उगाच नव्हे.

आमच्या वऱ्हाडातल्या बाया मात्र आड लपल्या नाहीत. बार्शीटाकळीच्याच रेल्वेमार्गावरच्या वाशीमला 1907 साली जन्मलेल्या गीता साने यांनी 1936मध्ये 'निखळलेली हिरकणी' ही कादंबरी स्वतःच्या नावाने छापली. त्याआधी, 1882 साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकावर आपलं नाव घातलं. पुरुषांना जाब विचारताना त्यांनी 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' लिहिणाऱ्यांनाही सोडलं नाही. जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हे पुस्तकसुद्धा विस्मरणात गेलं; 1975मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा वाचकांसमोर आणलं.

यमुना मात्र या सगळ्या काळात वाचली जात होती. तेव्हा सर म्हणाले त्यात तथ्य आहे, फक्त ते बायांबद्दल नाही, वाचकांबद्दल आहे. बोलणाऱ्या बाईचं आपल्याला वावडं नाही. तिने आपलं दुःख सांगावं, आपण डोळे पुसावेत. ताराबाई दुःख सांगत नव्हत्या, हिशेब मागत होत्या, आणि हिशेब मागणारीसाठी कोणाचेच डोये भरून येत नाहीत.