नाशवंताचा न्याय

जी वस्तू उद्या सडणार आहे तिच्यावर आज आपली मालकी कितपत, हा प्रश्न आम्हांस सेवानिवृत्तीनंतर वरचेवर पडू लागला आहे. नोकरीत असताना तो पडण्याचे कारण नव्हते. कचेरीच्या दप्तरात नाशवंत मालासाठी स्वतंत्र रकाना असतो आणि रकाना भरला की विचार संपतो.

आपल्या वाडवडिलांच्या घरी या प्रश्नाचे उत्तर न बोलता दिले जात असे. लोणी काढल्यावर उरलेले ताक विकावयाचे नाही, हा दंडक होता. अढीतला आंबा एकदम पिकला, सीताफळे एका रात्रीत मऊ पडली, की टोपली शेजारी जाई. मग शेजार तेलुगू असो की उर्दू बोलणारा. त्यात औदार्य किती आणि नाइलाज किती, हे तपासण्याची गरज कोणास भासली नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील तत्त्वचिंतक जॉन लॉक याने मालकीची मर्यादा याच ठिकाणी आखली होती. मनुष्याने निसर्गातून श्रमाने जे मिळविले ते त्याचे. मात्र सडण्यापूर्वी जितके उपयोगी पडेल तितकेच. त्यापलीकडचे घेणे म्हणजे दुसऱ्याचा वाटा घेणे. पुढे तो असेही म्हणतो की पैसा न सडणारा असल्यामुळे त्याने ही मर्यादा ओलांडली, आणि संचयाला अंत राहिला नाही. लॉकच्या काळी शीतयंत्र नव्हते. पैशाने मालकीच्या बाबतीत जे केले तेच थंडीने अन्नाच्या बाबतीत केले आहे, असे आमचे मत आहे.

नाशाशी झुंज आपल्याला नवी नव्हे. पापड, कुरडया, सांडगे, लोणचे ही सगळी त्या झुंजीचीच शस्त्रे. पण ऊन फुकट होते, मीठ स्वस्त होते आणि बरणी घरच्या फळीवर होती. थंडीचे तसे नाही. ती दर क्षणी पुरवावी लागते, आणि जो पुरवितो त्याच्या हाती फळाची नाडी जाते. १८३३ साली बॉस्टनहून निघालेले ‘टस्कनी’ जहाज चार महिन्यांनी कलकत्त्यास लागले, तेव्हा चढविलेल्या १८० टन बर्फापैकी सुमारे १०० टन शिल्लक होते. त्या वेळी थंडी हाच माल होता. १८८२ मध्ये ‘डनेडिन’ नावाचे शिडाचे जहाज वाफेवर चालणारे शीतयंत्र घेऊन न्यूझीलंडहून गोठविलेले मांस लंडनला ९८ दिवसांत सुस्थितीत पोहोचवते झाले, आणि थंडी वाहन झाली.

हे दूरचे झाले. आपल्या गोदावरीच्या उगमाकडे पाहू. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे आज न्हावाशेवा बंदरातून शीतकंटेनरने युरोपला जातात. १९९१ मध्ये बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ उभी केली, तेव्हापासून या वाटेची घडण झाली. दिंडोरीकडे एका स्नेह्यांकडे मुक्काम असता आम्ही हे काम पाहिले. सकाळच्या गारव्यात घड कातरतात. मण्यांचा आकार मोजतात, बारीक वा डागी मणी कात्रीने काढून टाकतात. मग माल पूर्वशीतन कक्षात. हे काही तासांत झालेच पाहिजे, कारण कंटेनरचे यंत्र गरम माल थंड करण्यासाठी बांधलेलेच नसते. आत आलेली थंडी राखणे एवढेच त्याचे काम. बुरशी धरू नये म्हणून पेटीत गंधकाचा वायू सोडणारा कागद घालतात. पारा शून्याच्या किंचित खाली ठेवतात. रसातील साखरेमुळे त्या तापमानाला द्राक्ष गोठत नाही. आंबा तेथे ठेवला तर साल काळी पडते. त्याला बारा-तेरा अंश लागतात. गोठविलेल्या मालाला उणे अठरा. तोडलेले द्राक्ष जिवंत असते, श्वास घेते. थंडी त्याचा श्वास मंद करते, इतकेच. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळ्या अन्नाची गणना तामस आहारात केली आहे. तीन-चार आठवडे असा मंद श्वास घेत राहिलेला घड शिळा म्हणावा की ताजा, याचा निर्णय एखाद्या शास्त्रीबुवांनी द्यावा.

आता मूळ प्रश्न. थंडीमुळे वाटणीची सक्ती गेली, हे वाईट झाले काय? भावनेच्या भरात ‘होय’ म्हणणे सोपे आहे. उत्तम माल परदेशी, उरलेला आपल्या ताटात, ही तक्रार आपण सारेच करतो. परंतु बाजारसमितीच्या आवारात सायंकाळी टोमॅटोचे काय होते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी जरा थांबावे. सकाळचा भाव दुपारी नाही, दुपारचा संध्याकाळी नाही; शेवटी शेतकरी क्रेट रस्त्यावर रिकामे करून परततो. नाशवंततेने शेजाऱ्याला जेवढे दिले, त्याहून अधिक तिने व्यापाऱ्याला दिले आहे. आणि सक्तीने दिलेल्यास आपली परंपराही दान म्हणत नाही. थांबण्याची सोय शेतकऱ्याच्या हाती येणे हा आम्ही न्यायच समजतो.

परंतु ती त्याच्या हाती आली आहे काय, येथे खरी मेख आहे. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट या वाढरोधकाचे अंश मर्यादेबाहेर आढळले, कंटेनर अडले आणि बागायतदार कर्जात बुडाले. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले. जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालू लागली, आणि २०२४ च्या हंगामात द्राक्षांचा प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. त्या दोन आठवड्यांचे भाडे चढले, माल कोमेजला. थंडी जहाजवाल्याची, भाव पलीकडच्या दुकानदाराचा. नाश मात्र पूर्वीप्रमाणेच दिंडोरीच्या माणसाचा. सायंकाळचा बाजार हजारो मैल लांब गेला, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. युरोपास जाणाऱ्या द्राक्षाच्या प्रत्येक नोंदणीकृत बागेचा नमुना काढणीपूर्वी प्रयोगशाळेत तपासला जातो. आपल्या आठवडी बाजारातील घडाला कायद्याने मर्यादा आहेत, पण बागेगणिक तपासणी नाही. परदेशी मुलाच्या पोटाची काळजी आमच्याच शेतकऱ्याने वाहावी आणि स्वतःच्या नातवाला मिठाच्या पाण्यात द्राक्षे धुऊन द्यावीत, यात काही चुकते आहे. निर्यात बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे, हेही तितकेच खरे. ती शिस्त कोणी तरी प्रथम लादली म्हणूनच आपल्याला तिची ओळख झाली.

पाण्याचाही विचार करू. टोनी ॲलन या इंग्रज अभ्यासकाने मालाबरोबर न दिसता परदेशी जाणाऱ्या पाण्याला ‘आभासी पाणी’ असे नाव दिले. त्याबद्दल त्यांना २००८ चे स्टॉकहोम जल पारितोषिक मिळाले. दिंडोरीची कादवा गोदावरीला मिळते आणि गोदावरी आपल्या मंचेरियलवरून वाहते. बाभळीच्या बंधाऱ्यावरून दोन राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१३ च्या निकालाने २.७४ टीएमसीची मर्यादा ठरली आणि दारे कोणत्या तारखांना उघडी ठेवावयाची तेही ठरले. त्या २.७४ साठी आपल्या भागात किती सभा झाल्या, हे वाचकांस स्मरत असेल. कंटेनरातून रॉटरडॅमला गेलेल्या पाण्यासाठी एकही सभा झाल्याचे आम्हांस ठाऊक नाही. अर्थात ठिबकावर वाढलेले द्राक्ष उसाच्या मानाने पाण्याचा मोबदला बरा देते, हे मान्य केले पाहिजे. नदीकाठच्या माणसाने साखर खात द्राक्षाला बोल लावू नये.

आपल्यापैकी अनेकांची मुले आता न्यू जर्सीत वा डॅलसमध्ये आहेत आणि तेथील भारतीय दुकानातून गोठविलेली पुरणपोळी आणतात. तीही अशाच जहाजाने गेलेली असते. आम्हांस त्यात खेद वाटत नाही. आपले पूर्वज या तेलुगू मुलखात आले तेव्हा बरणीतले लोणचे घेऊन आलेच होते.

आमच्या मनात घोळते ते येथील आंब्याचे. आपल्या भागातील बागांचा आंबा मालमोटारींतून नागपूरकडे जातो. पुष्कळ बागा मोहोर असतानाच व्यापाऱ्याला दिल्या जातात. फळ धरण्यापूर्वीच त्याचे नाशभय विकले जाते. शीतगृह व्हावे, आंबा सागरापार जावा, अशी मागणी आपली तरुण मंडळी करतात आणि ती रास्त आहे. ते शीतगृह कोणाच्या नावे असेल, एवढे त्यांनी आधी विचारावे. मोहोरावरच्या जुन्या व्यवहारात निदान एक तोंडी बोली असे: पाडाला लागलेल्या आंब्यांच्या काही टोपल्या मालकाच्या घरी उतरवावयाच्या, आणि त्यांतूनच शेजारी वाटणी होई. निर्यातीच्या करारपत्रात ती बोली कोणत्या कलमाखाली घालावी, हे इतकी वर्षे सरकारी मसुदे लिहूनही आम्हांस अद्याप सुचलेले नाही.