वेदीवरची फुले आणि मजुरांचे हात



चिंता करू नका हे शिकवताना प्रभू येशूने रानातल्या भूकमळांकडे बोट दाखवले. ती फुले कुणी लावली नव्हती, कुणी विकतही नव्हते. आज लग्नाच्या मिस्साला आपण वेदीवर जी फुले ठेवतो, त्यांच्यामागे मात्र माणसांचे हात असतात. मोगऱ्या-चाफ्याचे हात आपल्या ओळखीचे आहेत. पहाटेच्या गाडीने दादरला टोपल्या नेणारी ती आपलीच माणसे. पण आता सजावटीत थायलंडचे ऑर्किडही दिसते आणि ते खुडणाऱ्याला आपण ओळखत नाही. परदेशी फुलांचा हा व्यापार कसा चालतो, हे केनियातील नैवाशा सरोवराकाठी स्पष्ट दिसते.

या गोड्या पाण्याच्या सरोवराभोवती गुलाबांची हरितगृहे पसरली आहेत. हजारो मजूर, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, फुले कापतात, निवडतात, जुड्या बांधतात. मग थंड खोली आणि तिथून विमानाने युरोप. फेब्रुवारीत व्हॅलेंटाईन दिनासाठी कामाची झुंबड उडते. (हुतात्मा संताच्या नावावर काय काय विकले जाते!) बराच माल हॉलंडमधील आल्समीरच्या लिलावात जातो. तिथे घड्याळाचा काटा चढ्या भावाकडून खाली उतरतो आणि जो आधी बटण दाबेल त्याचा माल. फूल किती ताजे आहे ते त्या भावात उतरते. सरोवराचे किती पाणी गेले, फवारणीनंतर किती वेळाने त्या बाईला आत पाठवले, हे उतरत नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या न्याय्य किमतीच्या विवेचनात विकणारा आणि घेणारा असे दोघे असतात. इथे तिसरी व्यक्ती आहे आणि सौद्यात तिला जागाच नाही.

मग परदेशी फूल वर्ज्य करायचे काय? आम्हांला तसे वाटत नाही. इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाने २००७ साली हिशेब मांडला, तेव्हा विमानाचे इंधन धरूनही केनियाचा गुलाब हॉलंडच्या तापवलेल्या हरितगृहातील गुलाबापेक्षा हवा कमी बिघडवतो असे दिसले. शिवाय खरेदी थांबली की काय होते, तेही जगाने पाहिले आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमाने थांबली आणि नैवाशात गुलाब फेकून द्यावे लागले, मजूर घरी पाठवले गेले. राख उडाली आइसलंडमध्ये, चूल विझली आफ्रिकेत. मार्च २०२० मध्ये कोरोनाने पुन्हा तेच झाले. नफ्याचे वाटेकरी अनेक, पण तोट्याचा पहिला घाव बसतो रोजंदारीवरच्या बाईला.

‘फेअरट्रेड’ पद्धतीत किमतीवर जादा रक्कम दिली जाते आणि ती शाळेवर खर्च करायची की आणखी कशावर, हे मजुरांची समिती ठरवते. ही भीक नव्हे. तरी त्या शिक्क्याने मजुरी पोटापुरती होतेच असेही नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या परिपत्रकात विकत घेण्याच्या कृतीलाही नैतिक कृती मानले आहे; आणि अडवून ठेवलेल्या मजुरीची हाक देवाच्या कानी पोहोचते, हे याकोबाच्या पत्राने फार पूर्वीच बजावले आहे.

म्हणून लग्नाची नोंद करायला येणाऱ्या कुटुंबांना आम्ही यापुढे दोन गोष्टी विचारणार आहोत. फुले कुठून येणार? आणि आपल्या बागायतदाराकडून घेतली, तर त्याचे पैसे डेकोरेटर कधी देणार? उत्तर मिळाले नाही तरी लग्न लागेल. पण डेकोरेटरला विचारून या.