गिझरचा अंगरखा

वसईच्या खाऱ्या वाऱ्यापुढे भलेभले टिकत नाहीत; आमच्या गिझरची काय कथा! भाड्याने द्यायच्या खोलीतल्या त्या गिझरच्या पत्र्याला खालून तांबूस खवले धरले होते. नवे बिऱ्हाड रविवारी येणार. मी पॉलिशपेपर, रेड ऑक्साइड आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणला, मेन स्विच बंद केला आणि स्टुलावर चढलो.

"अहो, रंग देताय खरा, पण गंज आला कुठून?" हिने खालून विचारले.

संसारात काही प्रश्न ऐकू न येण्यातच शहाणपण असते. मी जोरजोरात घासू लागलो.

आता तुम्हीच सांगा, रंग देणे म्हणजे खोटे बोलणे का? आपण केसांना कलप लावतो. पाहुणे आले, की फाटक्या गादीवर नवी चादर घालतो. त्याबद्दल कोणी खटला भरत नाही. मग गिझरनेच काय घोडे मारले?

एवढ्यात पत्र्याला भोक पडले. गिझरचा दिसतो तो पत्रा म्हणजे नुसता अंगरखा. पाणी आतल्या टाकीत; मध्ये ऊब धरणारे अस्तर. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकी वाचावी म्हणून ती बिचारी स्वतः झिजते. ती संपली, की गंज टाकीला धरतो. आमचे अस्तर ओलेचिंब होते! टाकीच पाझरत होती आणि मी मात्र वाऱ्यावर आळ घेत होतो.

वाऱ्याचा गंज असता, तर माझा रंग ही काळजी ठरली असती. आतल्या गळतीवर तोच रंग लबाडी ठरला असता. डबा एकच, ब्रश एकच! आणि त्या विजेच्या गळक्या वस्तूखाली उद्या दुसऱ्याची पोरे आंघोळीला उभी राहणार होती.

मी खाली उतरलो. नव्या बिऱ्हाडाला फोन करून खरे ते सांगितले. नवा गिझर यायला आठवडा लागणार होता.

"तोवर त्यांना वज्रेश्वरीला पाठवणार का?" ही म्हणाली.

कल्पना वाईट नव्हती. वसईचा किल्ला १७३९ साली सर झाला, म्हणून चिमाजी अप्पांनी नवस फेडायला तिथे देऊळ बांधले, असे सांगतात. जवळच्या गरम कुंडांना ना पत्रा, ना रंग. जे आहे ते उघड्यावर.

उरलेला रंग मी दारावरच्या माझ्या नावाच्या पाटीला दिला. तिथे आत काही पाझरतेय का, हे मात्र हिला विचारू नका!