चेंडू जिथे पडला, तिथून

धान निघून गेलेली एखादी बांधी शोधा. जानेवारीत गोंदियाकडे अशा मोकळ्या बांध्या जागोजागी असतात. शेतमालकाला आधी विचारून घ्या. लाखोळी पेरलेली असेल तर त्या बांधीत पाय घालू नका, गुरं चरत असतील तिथून दूर राहा. धुऱ्यावर बसा. एखादा जुना क्लब शेजारी आडवा ठेवा, नऊ नंबरचा आयर्न किंवा वेज. पिशवीत दहा चेंडू असले तरी पुरेत. क्लब नसेल तरी बसा, कारण या मननाचा बराचसा भाग रिकाम्या हातांनी करायचा आहे.

इथून गोल्फचं मैदान लांब पडतं. नागपूर गाठायचं तर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. नोकरी, दुकान, शेती सांभाळून खेळणाऱ्याला मोजकेच रविवार मिळतात, आणि मग त्या एका रविवारी सगळं जमलंच पाहिजे असा हट्ट घेऊन माणूस गाडीत चढतो. आज तो हट्ट बाजूला ठेवा. इथे होल नाही, झेंडा नाही, स्कोअरकार्ड नाही. धुऱ्यावरून जाणारं एखादं पोरगं थांबून विचारेल, काय करून राहिले जी? त्याला सांगा, शिकून राहिलो.

आता डोळे मिटा आणि श्वास आपला आपण चालू द्या. त्याला लांबवू नका, मोजू नका.

श्वास स्थिरावला की एक चेंडू तळहातावर घ्या. नियमाप्रमाणे त्याचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त असत नाही आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असत नाही. मूठ बंद केली की दिसेनासा होतो, एवढाच. क्लबचं तोंड या चेंडूला लागतं तेव्हा दोघं एकमेकांना किती वेळ चिकटून राहतात? सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका. या आकड्यावर थोडं थांबा. हाताला बसलेला झटका मेंदूपर्यंत पोचतो, तोवर चेंडू निघून गेलेला असतो. ‘शेवटच्या क्षणी मनगट सावरायला हवं होतं’ असं आपण म्हणतो, पण सावरता येईल असा तो क्षण आपल्या वाट्याला आलेलाच नसतो. जे करायचं ते त्याच्या आधी, आणि जे पाहायचं ते त्याच्या नंतर. मधल्या क्षणावर आपली सत्ता नाही. हे पटलं की खांदे थोडे खाली येतात. येऊ द्या.

उठा. क्लब हातात घ्या आणि मूठ आवळा, आवळता येईल तितकी. मग हळूहळू सोडत जा, क्लबच्या टोकाचं वजन बोटांना कळू लागेपर्यंत. आवळलेल्या मुठीला ते वजन कळत नाही. ते कळलं की तिथेच थांबा. मुठीकडे यापुढे पाहायचं नाही.

चाळीस पावलांवर तणसाची एक पेंढी ठेवा. तिच्यामागे लांबवर कुणी माणूस नाही, रस्ता नाही, घर नाही हे नीट पाहून घ्या. नवशिक्याचा चेंडू कुठेही जाऊ शकतो, आणि तो दगडासारखा लागतो.

आता चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून खाली सोडा. २०१९ पासून नियमात हीच उंची आहे, त्याआधी खांद्याच्या उंचीवरून सोडत. तो धसकटात अडकेल, वाळलेल्या चिखलाच्या भेगेशी जाऊन थांबेल किंवा कडक मातीवर उघडा राहील. आपला हात लगेच पुढे होतो, त्याला जरा बऱ्या जागी सरकवायला. हात आवरा. चेंडू जसा पडला आहे तसाच खेळायचा, हा या खेळाच्या जुन्या आणि कठीण नियमांपैकी एक. घरच्या सरावात आपण प्रत्येक चेंडू गवताच्या उशीवर मांडतो आणि मैदानावर तो खड्ड्यात सापडला की दैवाला बोल लावतो. खड्ड्यातल्या चेंडूची ओळख इथेच करून घ्या. त्याच्याकडे पाहा. मागे किती माती आहे? क्लबला वाट कुठून आहे? एवढंच. वाईट वाटलं तर वाटू द्या. ते वाटणं चेंडूला हलवत नाही.

मारा.

आणि आता या मननाचा गाभा. चेंडू पडला तिथे नजर जाऊ द्या आणि मनातल्या मनात सांगा, काय झालं. ‘वाईट’ म्हणू नका, ‘मस्त’ही म्हणू नका. ‘पेंढीच्या उजवीकडे सहा पावलं, दहा पावलं अलीकडे, ठेंगणा गेला.’ बस. साक्षीदार साक्ष देतो, निकाल देत नाही. सुरुवातीला निकालच आधी तोंडात येईल. येऊ द्या, मग त्याच्यामागून साक्ष द्या. पुढच्या चेंडूला कदाचित दोन्ही बरोबर येतील. आपल्या हौशी खेळाडूंची प्रगती अडते ती ताकदीपाशी क्वचित, बहुतेक वेळा ती इथेच अडते, असं मला मनापासून वाटतं. चेंडू कुठे गेला हे आपण पाहतच नाही, कारण तो कुठे जायला हवा होता याचं दुःख डोळ्यांपुढे उभं राहतं.

दहाही चेंडू असेच खेळा. उचलू नका. मग पेंढीपाशी चालत जा आणि वळून सगळ्यांकडे एकदम पाहा. बांधीत तुमच्या खेळाचा नकाशा पसरलेला आहे. त्यात एखादा चेंडू पेंढीला चिकटलेला असेल. मन धावत त्याच्याकडे जातं आणि म्हणतं, हा माझा खरा खेळ, बाकीचे चुकले. इथे थांबा, हवं तर खाली बसा. दहाही चेंडू तुमच्याच हाताने गेले आहेत. त्या एका चेंडूवर जितका तुमचा हक्क, तितकाच धुऱ्यात अडकलेल्या चेंडूवर. बहुतेक हौशी खेळाडूंचा पसारा लक्ष्याच्या अलीकडे असतो, कारण क्लब निवडताना आपण आपला सर्वोत्तम फटका मनात धरतो. निवड या पसाऱ्याच्या मध्याकडे पाहून करायची असते.

अपेक्षेलाही जरा उजेडात आणू. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांच्या नोंदी तपासल्या. त्यातून दिसलं की जगातले सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून पटरने जितके फटके मारतात, त्यांतले साधारण निम्मेच होलमध्ये जातात. आठ फूट म्हणजे बाजेच्या लांबीपेक्षा थोडं जास्त. ज्यांचा संसार या खेळावर चालतो, त्यांचे निम्मे चुकतात. आणि आपण सहा फुटांवरून चुकलो की परतीच्या गाडीत तिरोड्यापर्यंत गप्प बसतो. ते गप्प बसणं आठवा. त्यात किती दुःख होतं आणि किती मागणं होतं, हे वेगळं करून पाहा.

हॅण्डिकॅपचंही तेच. २०२० पासून जगभर जी पद्धत आली, तिच्यात शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. उरलेल्या बारा फेऱ्या बाजूला राहतात. म्हणजे हॅण्डिकॅप हा तुमचा रोजचा खेळ नव्हेच, तुम्ही चांगले खेळता तेव्हाचा तो आकडा आहे. बहुतेक दिवशी त्याच्यापेक्षा मागे राहणं हे आजाराचं लक्षण नाही, हिशेबच तसा आहे. त्या बाजूला ठेवलेल्या बारा फेऱ्या मनासमोर आणा. ऊन, वारा, हरवलेले चेंडू, सोबत्याची बडबड. आठ चांगल्या फेऱ्या त्यांच्यामधूनच आल्या, कुठल्या वेगळ्या देशातून आल्या नाहीत.

पावसाळ्यात याच बांधीत काय चालतं ते आठवा. पऱ्हे घेऊन बाया ओळीने वाकतात आणि मागे मागे सरकत रोवणी करतात. लावून झालेलं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे असतं, लावायचं उरलेलं पाठीशी. किती एकर बाकी आहे हे पाहायला कुणी दर पावलाला मान वळवत नाही. आत्ताच लावलेल्या ओळीवरून पुढच्या रोपाचं अंतर ठरतं, तेही मोजपट्टीवाचून. गोल्फमध्ये आपण उलटे तोंड करून उभे असतो. तिसऱ्या होलवर असताना अठराव्याचा हिशेब, घरी जाऊन काय सांगायचं त्याचा हिशेब. क्षणभर तोंड फिरवून उभे राहा. डोळ्यांपुढे फक्त आत्ता पडलेला चेंडू आहे. पुढचा फटका त्याच्यावरून ठरेल.

पुन्हा मारणार असाल तर लक्ष कुठे ठेवायचं? गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवशिक्यांना छोटे फटके शिकवून पाहिले. काहींना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना क्लबच्या झोक्याकडे. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके जास्त अचूक पडले. म्हणून कोपर, मनगट, गुडघा यांची हजेरी घेणं सोडा. शरीराची चौकशी फटक्याच्या आधी झाली, मूठ सैल केली तेव्हाच. आता क्लबचं टोक मागे जातंय आणि पुढे येतंय, तेवढंच. मैदानावर हौसेने सल्ला देणारे सोबती भेटतील. ऐकून घ्या, नमस्कार करा आणि मारताना ते सगळं विसरा.

हात तापल्यावर एक बदल करा. क्लब दोन असतील तर दर चेंडूला क्लब बदला, एकच असेल तर पेंढी हलवा, कधी वीस पावलांवर, कधी पन्नास. एकाच अंतरावर ढीगभर चेंडू मारत राहिलं की पाचव्या-सहाव्या फटक्यापासून छान जमतं आणि शिकल्यासारखं वाटतं. ते जमणं बहुधा त्या दुपारपुरतंच राहतं. दर वेळी नव्याने ठरवून मारलेला चेंडू जास्त अडखळतो, पण टिकतो तो त्याचाच अभ्यास. सरावात अडखळणं सोसायला मोठा धीर लागतो. हा धीर हीच मला या खेळातली खरी कमाई वाटते.

रात्री घरी सतरंजीवर आणखी एक करता येईल. भिंतीपाशी १०८ मिलिमीटर रुंदीचा कागदाचा गोल कापून ठेवा, होलची रुंदी तेवढीच असते. पाच पावलं मागे पटर घेऊन उभे राहा. गोलाकडे एकदा पाहा. मग नजर चेंडूच्या मागच्या कडेवर आणा आणि तिथे दोन-तीन सेकंद राहू द्या. चेंडू गेल्यावरही नजर सतरंजीवरच, तो होता तिथे. कॅनडाच्या जोन विकर्स यांनी १९९२ मध्ये खेळाडूंच्या डोळ्यांची हालचाल टिपली, तेव्हा चांगल्या खेळाडूंची नजर अशीच स्थिर राहते आणि कच्च्या खेळाडूंची भिरभिरते, असं दिसलं. चेंडू कुठे गेला हे जाणून घ्यायची जी उतावीळ उठते, तिला ओळखा. थोड्या वेळाने मान वर करायचीच आहे.

आणि हे सगळं कुणी पाहत नसताना. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्स यांचा चेंडू गवतात त्यांच्याकडून जरासा हलला. दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं. त्यांनी स्वतःहून एक फटका दंड घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत ते विली मॅक्फार्लेन यांच्याकडून एका फटक्याने हरले. जोन्स आयुष्यभर हौशी खेळाडूच राहिले. १९३० मध्ये त्यांनी अमेरिका आणि ब्रिटनच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. आपल्याकडे १९६५ ची इंडियन ओपन बिल्लू सेठी यांनी हौशी खेळाडू म्हणून जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. एवढी उंची आपल्याला गाठायची नाही. पण जोन्स यांनी गवतात जे पाहिलं आणि जसं सांगितलं, ते चाळीस पावलांच्या बांधीतही जमण्यासारखं आहे. चेंडू हलला, तर हलला.

आता चेंडू गोळा करा. दहा आणले असतील तर दहाच भरले पाहिजेत. एक कमी असेल तर धसकटांतून ओळीने चालत तो शोधा. मागे राहिलेला चेंडू उद्या एखाद्या गाईच्या तोंडात जाईल किंवा नांगरणीत वर येईल. पेंढी जिथून घेतली तिथे ठेवा.

मग धुऱ्यावर बसून वहीत दोन ओळी लिहा. किती चेंडू अलीकडे पडले, किती पलीकडे, किती डावीकडे, किती उजवीकडे. तारीख घाला. बहुतेक अलीकडे पडले असतील, तर पुढच्या खेपेला नागपूरला ग्रीनकडे मारताना हात ज्या क्लबकडे जाईल, त्याच्याहून एक मोठा क्लब काढा आणि पूर्वीइतक्याच संथपणे मारा.