तळे कोणाचे?

विहीर, तळे, बाग, देऊळ, अन्नछत्र अशा लोकोपयोगी कामांना धर्मशास्त्रात ‘पूर्त’ म्हणतात. यज्ञयाग म्हणजे ‘इष्ट’. इष्टाचा अधिकार मोजक्यांना होता, पूर्ताचा मात्र स्त्रिया आणि शूद्रांसह सर्वांना. जन्माच्या उतरंडीवर उभ्या असलेल्या शास्त्रात एवढा मोकळेपणा क्वचितच सापडतो. तळे बांधणाऱ्याचे त्या तळ्यावर पुढे काय उरते, या प्रश्नाचा विचारही याच प्रकरणात येतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये या प्रश्नाला एक आधुनिक उदाहरण आहे. १९६६ मध्ये टेल्को या वाहननिर्मिती कंपनीने येथे पाय रोवले. कंपनीचे सूत्रधार सुमंत मूळगावकर (१९०६–१९८९) यांनी उजाड माळावर कारखान्याबरोबर झाडी वाढवली आणि मोठे तळे करवून घेतले. ते आज सुमंत सरोवर म्हणून ओळखले जाते. तेथे स्थलांतरित पक्षी उतरतात. १९९४ मध्ये आलेल्या ‘सुमो’ गाडीचे नाव त्यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून पडले. गाडी गावोगावी पोचली. तळे कुंपणाआड असल्याने शहरालाही फारसे ठाऊक नाही.

तळे बांधून झाले की पूर्त पुरे होत नाही, त्याचा ‘उत्सर्ग’ करावा लागतो. यजमान संकल्प करून पाणी सर्व भूतांसाठी सोडतो. गाईला तळ्यात उतरवून पार नेण्याचाही विधी सांगितला आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात दान आणि उत्सर्ग यांतला भेद नेमका दाखवला आहे. दानात वस्तू दुसऱ्या एकाच्या मालकीची होते आणि दात्याचा तिच्याशी संबंध संपतो. उत्सर्गात मालकी सुटते, पण ती सर्वांसाठी सुटते; म्हणून तळे बांधणाराही त्याचे पाणी पिऊ शकतो, मात्र चारचौघांपैकी एक म्हणून.

विष्णुधर्मसूत्र याच्याही पुढे जाते. पडक्या विहिरीचा, बागेचा, तळ्याचा किंवा देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्याला मूळ कर्त्याइतकेच फळ मिळते, असे ते सांगते. हा विचार फार मोलाचा आहे, कारण पाणी आणि झाडी या वाढणाऱ्या, बिघडणाऱ्या गोष्टी आहेत. गोल्फच्या मैदानाचेही तसेच. अमेरिकेतल्या ऑगस्टाच्या मैदानाचा आराखडा गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर करणारा अलिस्टर मॅकेंझी १९३४ च्या जानेवारीत, पहिल्या मास्टर्स स्पर्धेआधीच वारला. पुढे मैदान अनेकदा बदलले आणि त्यातले मूळचे किती उरले, हा वाद अजून चालतो. सूत्राच्या कसोटीवर मूळ आराखड्यातल्या रेषा जशाच्या तशा राहिल्या का, हे गौण ठरते. काम ज्यासाठी केले ते टिकले का, हे पाहायचे.

या कसोटीने सुमंत सरोवर पाखरांपुरते पूर्त आहे. माणसांसाठी त्याचा उत्सर्ग झालेला नाही. तरी त्याचे श्रेय एकट्या मूळगावकरांचे नव्हे. आजवर ज्यांनी ते राखले, त्या माळ्यांचा आणि कामगारांचाही त्यात वाटा आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. चाकण-पिंपरी पट्ट्यातल्या कारखान्यांनी या पैशातून स्वतःच्या नावाचा फलक लावता येईल असे नवे काही काढण्याआधी गावोगावच्या जुन्या तळ्यांतला गाळ उपसावा, पवना-इंद्रायणीतली जलपर्णी काढावी. सूत्राप्रमाणे त्याचे फळ तसूभरही कमी नाही.