गोष्ट संपली की आई

जूनमधला बालवाडीचा पहिला आठवडा. साडेतीन वर्षांची एक मुलगी दप्तर पोटाशी धरून दाराशी बसायची आणि सारखं विचारायची, "ताई, आई कधी येणार?" मी सांगायचे, "साडेबाराला." ती पुन्हा रडायला लागायची. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साडेबारा म्हणजे काय, हे तिला कुठून कळणार? मग तिचा हात हातात घेतला आणि एकेक बोट दुमडत सांगितलं, "आता गाणी. मग डबा. मग अंगण. मग गोष्ट. गोष्ट संपली की आई." अंगठा उरला होता, तो आईचा. ती तो मुठीत धरून बसली. दुसऱ्या दिवशी डबा खाऊन झाल्यावर शेजारच्या रडणाऱ्या मुलाला तीच समजावत होती, "आता अंगण, मग गोष्ट, मग आई."

बालवर्गाचा दिनक्रम म्हणजे काय, ते मला त्या पाच बोटांनी शिकवलं. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, पण कशानंतर काय येतं हे पक्कं कळतं. तो क्रम रोज तसाच आला, की मुलाचा जीव थाऱ्यावर येतो. आमच्या वर्गात आता एक दोरी आहे. तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी दिवसाची चित्रं लावलेली असतात. एक काम झालं, की एक मूल जाऊन ते चित्र उलटं करतं. दिवस कुठवर आला, हे प्रत्येकाला दिसतं.

दिनक्रम आखताना आपण गाणी, गोष्ट, चित्रकला असे तास मांडतो आणि मधल्या जागा विसरतो. पंचवीस मुलं आणि हात धुवायला एकच नळ, ही ती मधली जागा. रडारड, ढकलाढकली सगळी तिथेच होते. म्हणून चौघं नळावर आणि बाकीची गाण्यात, असं आधीच ठरवावं लागतं. चपलेचा पट्टा स्वतः लावायला एखाद्याला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आखणीत धरावीत, कारण पट्टा लावणं हेही त्याचं शिक्षणच आहे. गोलात बसणं दहा-पंधरा मिनिटांत आवरावं आणि लगेच उड्या मारायला मोकळं सोडावं. ठोकळ्यांच्या खेळाला मात्र भरपूर वेळ द्यावा. पहिली दहा मिनिटं तर काय बांधायचं हे ठरवण्यातच जातात. मनोरा रंगात आला असताना "चला, आवरा" म्हणणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

मुलाकडे पाहून दिवस आखण्याच्या बाबतीत बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम मला वाट दाखवतं. 1945 साली बोर्डी गावात काम सुरू केल्यावर वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. तिथे मुलांची आंघोळ आणि नखं कापणं हाही शिक्षणाचा भाग होता. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. मुलाचा दिवस आधी पाहिला आणि शाळा त्यात बसवली. आज देशभर अंगणवाडी हा शब्द रुळला आहे. त्या शब्दाबरोबर ही दृष्टीही आपण जपायला हवी.

क्रम पाळायचा म्हणजे हट्ट धरायचा नाही. पहिला पाऊस आला, तर मुलं खिडकीशी जाणारच. जाऊ द्यावं. फक्त दोरीवर पावसाचं चित्र लावावं आणि सांगावं, "आज डब्याआधी पाऊस. डबा नंतर आहेच." बदल आधी सांगितला, की मूल तो आनंदानं घेतं. न सांगता झालेला बदल त्याला घाबरवतो.

आईबाबांनो, रात्री झोपवताना मुलाला उद्याचा दिवस बोटांवर मोजून दाखवा. सकाळी उठल्यावर काय, शाळेत काय, घरी आल्यावर काय. आणि एवढं कराच. दिवसभर आम्ही तुमच्या वतीनं त्याला सांगत असतो, "गोष्ट संपली की आई." तेव्हा गोष्ट संपेल त्या वेळी दारात उभे राहा. त्याचा अंगठा त्या भरवशावर मुठीत धरलेला असतो.